पहिली वाकडी भिंत

उत्साही : जुलै 2025मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत आपला विजयदुर्ग आहे. म्हणजे आज ना उद्या तटाची डागडुजी निघणार, चुन्याचं काम निघणार, आणि किल्ल्याबाहेर त्याहून जास्त निघणार. न्याहारी-निवासाच्या खोल्या, गाड्या लावायला जागा, शौचालयं, खाडीकडेचे बांध. आज या भागात घर बांधायचं तर चिरा लावणारा गवंडी बहुतेक कर्नाटकातून येतो, फरशी बसवणारा राजस्थानातून, रंगारी उत्तर प्रदेशातून. त्यांना हाताखाली माल नेऊन देणाऱ्या मात्र पडेल, गिर्ये, रामेश्वर अशा इथल्याच गावांतल्या बायका असतात. दिवस मावळला की गवंड्याच्या जेमतेम अर्धी मजुरी कनवटीला लावून घरी. माझं म्हणणं साधं आहे. यांतल्या वीस-पंचवीस जणींच्या हातात थापी द्या. काम दारात आहे, चिरा दारात आहे, माणसं दारात आहेत. अडतंय ते फक्त आपल्या डोक्यात.

शंकेखोर : ‘फक्त डोक्यात’ म्हणालात, तिथेच तुम्हाला थांबवते. ग्रामपंचायतींच्या कामांवर देखरेख करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. डोक्यातली अडचण मला कधी मोठी वाटली नाही. पैसे मिळायला लागले की डोकी आपोआप बदलतात. मला आधी एवढं सांगा, या गावातले पुरुष गवंडी का नाहीत? कुणी मुंबई धरली, कुणी बोटीवर गेला, कुणी आंब्यात आहे. आणि आंब्यातसुद्धा राखणीला नेपाळहून माणसं आणावी लागतात. दिवसभर उन्हात चिरा तासायचा, सिमेंटने बोटांची सालं काढून घ्यायची, चाळिशी ओलांडली की कंबर धरायची, आणि पावसाळ्याचे चार महिने हात बांधून घरी बसायचं. हे नको म्हणून आपल्या पुरुषांनी ते सोडलं. मग जे काम बाप्यांनी टाकलं ते तुम्ही बाईपुढे प्रगती म्हणून वाढणार? सगळ्यांचं जेवून झाल्यावर तळाला उरेल ते तिच्या ताटात, ही रीत आपल्याला नवी नाही.

उत्साही : बोललात चांगलं, पण हिशेब चुकला. ऊन, सिमेंट, कंबर, पावसाळ्यातली बेकारी, ज्याची म्हणून तुम्ही यादी दिलीत ते सगळं ती बाई आजही भोगते. गवंडी भोगतो त्याच्या अर्ध्या भावात भोगते. आपला प्रश्न अमेरिकेसारखा असता तर तुमचं म्हणणं मी ऐकलं असतं. तिथे 1978 साली सरकारने लक्ष्य ठरवलं की सरकारी पैशाच्या बांधकामांवर कामाच्या एकूण तासांपैकी 6.9 टक्के तास बायकांचे व्हावेत. चार दशकं उलटून गेली, तरी प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्या कारागिरांत तिथे बायका चार टक्क्यांच्या आसपासच आहेत. तिथे बाई साइटवरच नाही. तिला आत घेण्यावरून सगळं भांडण. आपल्याकडे ती पायाचा चर खणण्यापासून स्लॅब पडेपर्यंत हजर असते. तिला मी बाहेरून आणत नाही. जिथे उभी आहे तिथून दोन हात पुढे सरकवा म्हणतो. घमेलं खाली ठेवायचं आणि थापी उचलायची. मधलं अंतर किती? ती माल जिथे ओतते आणि तो जिथून उचलतो, तेवढंच.

शंकेखोर : ते दोन हातांचं अंतर कशाचं बनलंय, ते बघू. वजनाचं कारण मी देणार नाही, कारण ते खोटं आहे. जांभ्याचा चिरा पंचवीस-तीस किलोचा. गवंडी तो परांचीवरून उचलतो आणि कमरेएवढ्या भिंतीवर ठेवतो. तोच चिरा ट्रकपासून परांचीपर्यंत डोक्यावरून आणते ती बाई. 1972च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामांवर भर उन्हात खडी फोडायला बायका होत्याच, तेव्हा बाईच्या नाजूकपणाचा कुणाला कळवळा आला नव्हता. आणि वजन हेच कारण असेल, तर जी कामं हलकी झाली ती बायकांकडे जायला हवी होती. झालं उलटंच. मिक्सर आला, स्लॅबला लिफ्ट आली, शहरात पंपाने काँक्रीट चढायला लागलं. तिथून बायकांची रांग उठली आणि यंत्राच्या मुठीवर पोरगा बसला. रंगकामाला काय वजन लागतं? वायरिंगला? नळजोडणीला? तिथे किती बायका दिसतात?

तेव्हा वजन सोडा. गवंडी तयार कसा होतो ते बघा. कुठल्या शाळेत होत नाही. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा मामाबरोबर नाहीतर चुलत्याबरोबर कामावर येतो. पहिलं वर्ष माल कालवतो. दुपारी जेवण झालं की गवंडी आंब्याखाली आडवा होतो. पोरगा त्या अर्ध्या तासात थापी उचलतो. दोरी ताणलेली असतेच, तो दोन चिरे लावून बघतो. ओळंबा सोडून बघतो. भिंत दोन बोटं बाहेर गेलेली असते. गवंडी उठतो, आईवरून शिवी देतो, दोन्ही चिरे उखडतो आणि ‘असं बघ’ म्हणून पुन्हा लावून दाखवतो. माल फुकट गेला, वेळ गेला. घरमालकाला पत्ताही नाही. असं दोन वर्षं चालतं. तिसऱ्या वर्षी त्याला मागची भिंत मिळते, चौथ्या वर्षी दर्शनी.

आता त्याच अर्ध्या तासात बाई काय करते? कालच्या भिंतीवर पाणी मारायचं काम तिचं. गवंडी झोपला म्हणून भिंत तहानलेली ठेवून चालत नाही. मग पोर झाडाखाली झोळीत असेल तर त्याला पाजायचं. आडोसा शोधत लांब जायचं, कारण साइटवर मुतारी नसते. घर जवळ असेल तर धावत जाऊन सासूला वाढून यायचं. अर्धा तास संपला. तुमच्या त्या दोन हातांत असे किती अर्धे तास पुरले आहेत, मोजा. बायकांना विचारलंत तर त्याही हेच सांगतील, ‘माका येता हो, पण थापी देता कोण?’ मी पुढे विचारीन, देणारा मिळाला तरी धरायला वेळ कुठला?

उत्साही : म्हणजे ती शिकू शकते, हे तुम्ही मान्य करता. तिच्याकडे नाही तो दुपारचा अर्धा तास. मग तो अर्धा तास आपण तयार करू या. महाराष्ट्रात हे झालेलं आहे, आणि तेही मोठ्या प्रमाणावर. 30 सप्टेंबर 1993ला किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. नंतर जी घरं उभी होती पण खिळखिळी झाली होती, त्यांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीचा कार्यक्रम हजाराहून अधिक गावांत निघाला. लोकांपर्यंत तो पोचवायचं काम प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आलं. त्यांनी गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं. उंबऱ्याबाहेर फारशा न पडलेल्या बायका दगडी भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारा आडवा दगड कुठे बसला पाहिजे, छताखालून काँक्रीटचा पट्टा कसा फिरला पाहिजे, हे शिकल्या. गवंड्याने आडवा दगड चुकवला तर ‘काढ आणि पुन्हा बसव’ म्हणायला लागल्या. 2001मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका कच्छमधल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. लातूर-धाराशिवच्या बाईला जे जमलं ते विजयदुर्गच्या बाईला का जमू नये?

शंकेखोर : किल्लारीची गोष्ट मला तुमच्याइतकीच मोलाची वाटते, म्हणून ती नीट वाचा म्हणते. तिथे तीन गोष्टी एकदम जुळल्या. भूकंपाने गवंड्याच्या ज्ञानावरचा गावाचा विश्वास उडाला होता. त्याचीच भिंत पडली होती. सरकारचा आणि जागतिक बँकेचा पैसा होता. आणि घर तिचं स्वतःचं होतं. उद्या त्याच छपराखाली तिची मुलं झोपणार होती, म्हणून तिने ओळंब्याकडे बघायची हिंमत केली. यातली एकही गोष्ट विजयदुर्गात नाही, आणि भूकंप तर नकोच. दुसरं, त्या बायका मुख्यतः भिंत बघायला शिकल्या. काही जणींनी थापीही धरली असेल, पण कार्यक्रम संपल्यावर गवंडी म्हणून पोट भरणाऱ्या किती उरल्या? संस्थासुद्धा पुढे बचतगट, आरोग्य, शेती अशा दिशेने गेली. त्यात वाईट काही नाही. बायकांना जे हवं होतं तिकडे ती गेली. पण मग किल्लारी हे देखरेखीचं उदाहरण आहे. कारागिरीचं म्हणून ते माझ्यापुढे ठेवू नका.

कारागिरीचं उदाहरण हवं तर केरळात त्रिशूरकडे बघा. तिथे नव्वदच्या दशकाच्या तोंडावर बायकांना गवंडीकाम शिकवलं गेलं. किंवा झारखंडच्या ‘राणी मिस्त्री’ बघा, स्वच्छ भारत मोहिमेतल्या. दोन्हीकडे बायकांच्या हातात खरोखर थापी आली. कशासाठी आली? शौचालयांसाठी. काम लहान, पैसा थोडा, मान त्याहून थोडा. पुरुष गवंड्याला त्यात रस नव्हता. मघाशी मी ताटाच्या तळाचं बोलले तेव्हा तुम्हाला तो टोमणा वाटला असेल.

उत्साही : तुम्ही दशावतारातल्या संकासुरासारख्या प्रत्येक वाक्याला आडव्या येता, पण या वेळी माझंच काम केलंत. पोरगा दर्शनी भिंतीवर शिकतो का? तुम्हीच सांगितलंत, आधी मागची भिंत. कुणाचं लक्ष नसतं तिथेच शिकता येतं. शौचालय ही अख्ख्या गावाची मागची भिंत आहे. तिथून सुरुवात झाली म्हणून मला कमीपणा वाटत नाही. शौचालयावरच काम संपलं, तर वाटेल.

आणि या बायका कोऱ्या पाटीने येत नाहीत. आपल्याकडचं खळं कोण करायचं? पाऊस सरला की उखडलेलं अंगण खणायचं, नवी माती पसरायची, पाणी शिंपडायचं, चोपण्याने चोप चोप चोपायचं आणि वर शेणाचं सारवण घालायचं. चोपताना बाई कुठे उभी राहते बघितलंय? उतरणीच्या बाजूला, पाठमोरी. पाणी कुठून वाहणार हे तिला पट्टी न लावता कळतं. कुठे पोकळ राहिलंय ते चोपण्याच्या आवाजावरून समजतं. लेव्हल लागते, ओलावा किती हवा ते हाताला ठाऊक असतं, तडा कशाने जातो ते माहीत असतं. गवंडीकामाचं अर्धं शास्त्र तिथेच झालं. आपण त्याला कौशल्य म्हटलं नाही, कारण त्याची मजुरी कधी कुणाला द्यावी लागली नाही.

शंकेखोर : खळ्याचं सुरेख सांगितलंत. आता त्या खळ्याचं पुढे काय झालं तेही सांगा. मुंबईकराने पैसे पाठवले, अंगणात कोबा आला. आता पेव्हर ब्लॉक येतात. कोबा करायला कोण आलं? जी बाई चाळीस वर्षं त्या अंगणाचा उतार सांभाळत होती, तिला कुणी हाक मारली? बाहेरचा गवंडी आला, त्याने उतार उलटा काढला, पाणी पडवीत शिरलं, आणि ती बाई त्याला चहा देत होती. शेणाचं होतं तोवर बाईचं, सिमेंटचं झालं की गवंड्याचं. मला यातून दिसतं ते असं. काम जड की हलकं, सोपं की अवघड, यावरून ते बाईचं की बाप्याचं हे ठरत नाही. त्यात रोख पैसा शिरतो त्या दिवशी ते बाईच्या हातातून निघतं. आणि तुम्ही किल्ल्याच्या नव्या पैशाच्या भरवशावर योजना आखताय. जितका पैसा मोठा तितक्या लवकर ती बाजूला होईल. मासळीच्या बाजारात ती टिकली, कारण तिथे पहिल्यापासून रोकड तिच्या हातात आहे. बांधकामात तो बटवा ठेकेदाराकडे.



उत्साही : पण मोठ्या पैशाच्या कामातही बाई शिरलेली आहे. शकुंतला भगत मुंबईच्या व्हीजेटीआयमधून 1953 साली स्थापत्य अभियंता झाल्या. देशात ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पतीने क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली आणि सुटे भाग जोडून उभे राहणारे पोलादी पूल देशभर बांधले. पूल म्हणजे काही शौचालय नव्हे. आज तुमच्या पंचायत समितीत कनिष्ठ अभियंता म्हणून मुली आहेत, परांचीवर चढून स्लॅबची सळई मोजतात, आणि ठेकेदार ‘मॅडम’ म्हणून मागे उभा राहतो. ते चालतं, तर थापी का चालू नये?

शंकेखोर : कारण पदवीला दरवाजा आहे. त्यावर पाटी आहे, आत जायला परीक्षा आहे, आणि पेपर तपासणाऱ्याला बाई की बाप्या हे दिसत नाही. घरी शिक्षणाला पैसा आणि पाठबळ असेल तर बाई त्या दरवाजाने आत गेली आणि खुर्चीवर बसली. गवंडीकामाला दरवाजाच नाही. मामाचा हात आहे. आयटीआयमध्ये मुलींना तीस टक्के जागा आहेत, पण साइटवरचा एक तरी मुकादम आयटीआयचा दाखला बघून थापी देतो का? मामाचा हात बाईला मिळत नाही. परक्या गवंड्याने परक्या घरच्या सुनेला परांचीवर शेजारी उभं करून दोन वर्षं शिकवायचं म्हटलं, तर तिसऱ्या दिवशी वाडीत काय बोलणं सुरू होईल ते मी सांगायला नको. शिकवू शकेल असा एकच पुरुष उरतो, तिचा नवरा. कर्नाटकातून जोडीने येणाऱ्या मजुरांत नवऱ्याच्या जोडीला भिंत लावणारी बाई मी पाहिली आहे, आणि बरी लावत होती. पण मजुरी जोडीची ठरते, पैसे त्याच्या हातात पडतात. ती जितकी जास्त शिकेल तितका त्याचा दिवस वाढतो. तिचा तेवढाच राहतो.

कायद्याचं म्हणाल, तर समान वेतनाचा कायदा 1976 सालचा. आता तो वेतन संहितेत गेला. समान कामाला समान दाम, यात खोट काही नाही. पण ठेकेदार माणसं मोजताना ‘दोन मिस्त्री, दोन गडी, तीन बाया’ असं मोजतो. तीन दर तिथेच ठरून गेले, कायदा शिरायला फट उरली नाही. पाळणाघराचं तर विचारूच नका. 1996च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. नव्या कामगार संहितांतही आकडा पन्नासचाच राहिला, फक्त आता त्यात बाप्येही धरतात. विजयदुर्गात एका साइटवर सात-आठ माणसं असतात. पन्नास माणसं एकत्र पाहायची तर रामेश्वराच्या जत्रेला जावं लागेल.

उत्साही : ठीक. मामाचा हात नाही, दुपार नाही, दर नाही. आता माझं शेवटचं पान टाकतो, चुना. आजच्या गवंड्याला सिमेंट येतं. चुना येत नाही. ना कर्नाटकवाल्याला, ना राजस्थानवाल्यांतल्या बहुतेकांना. किल्ल्याचा तट सिमेंटने सांधला तर त्याचं आयुष्य कमी होतं. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, खाऱ्या हवेत क्षार साचतात आणि जांभा शेजारून झडायला लागतो. सांधा उरतो, दगड जातो. चुना ओल सोडतो. म्हणून आज ना उद्या चुना लागणार. त्याला घाई चालत नाही. आठवडेच्या आठवडे भिजवायचा, चाळायचा, मळायचा, हाताला लोण्यासारखा लागेपर्यंत घोटायचा. भिंतीत गेल्यावरही कित्येक दिवस गोणपाट ओलं ठेवून जपायचा. शिंपल्या भाजून चुना करायची या किनाऱ्यावर जुनी रीत आहे, आणि खाडीत उतरून कालवं-शिंपल्या काढणाऱ्या बायकाच. इथे कुणी कुणाच्या चार वर्षं पुढे नाही. पोरगा आणि बाई दोघंही शून्यावर. जिथे सगळेच नवखे, तिथे मामाचा हात काय कामाचा?

शंकेखोर : हे मला पटतं. आज तुम्ही बोललात त्यांतलं पहिलंच असं, ज्याला लगेच उत्तर सुचत नाही. तरीही दोन खडे टाकते. एक, विजयदुर्ग पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तिथला चिरा गावातल्या कुणाला सहज हलवता येत नाही, आणि येऊही नये. काम निविदेने जाणार, निविदेत पूर्वीच्या अनुभवाची अट असणार, आणि अनुभव असलेला ठेकेदार आपली माणसं घेऊन येणार. बायकांना काय मिळेल? चुना भिजवणं, चाळणं, गोणपाटावर पाणी मारणं. लावायला कोण असेल ते तुम्हीच सांगा. दोन, शून्यावरून सुरुवात म्हणजे पहिली भिंत वाकडी होणारच. ती साडेतीनशे वर्षांच्या तटावर चालणार नाही. मग कुणाच्या अंगणात वाकडी होऊ द्यायची?

उत्साही : घरकुलं आहेत ना. पंतप्रधान आवासच्या ग्रामीण योजनेत घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं. बाईच्या नावाचं घर बाईने बांधलं तर यापेक्षा शोभणारं काय? दहा घरकुलांतलं एक बायकांच्या टोळीला द्या.

शंकेखोर : घरकुलाचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार. ज्या बाईला ते मिळतं ती गावातली सगळ्यात जास्त नड असलेली. तुमचा प्रयोग तिच्या भिंतीवर? वाकडी भिंत नेहमी तिच्याच वाट्याला का? तुमच्या पडवीची भिंत द्या. नाहीतर इथे न्याहारी-निवासाच्या चार खोल्या काढायला निघालेत त्यांची एक खोली द्या.

उत्साही : माझी पडवी देतो. खोलीवाल्यांचं मी बोलू शकत नाही. त्यांनी कर्ज काढलंय. मग पंचायतीचंच काम घेऊ या. जत्रेच्या जागेचं शौचालय, स्मशानाच्या शेडचं जोतं, शाळेचा गडगा. अटच घाला की मिस्त्रींतली एक तरी बाई पाहिजे.

शंकेखोर : अट घातली की हजेरीपटावर बाईचं नाव येतं. हे मी भरपूर पाहिलंय. सही बायकोची, थापी नवऱ्याची. अट पाळली गेली की नाही हे कागद सांगणार नाही. दुपारी तीन वाजता कुणी उन्हात जाऊन बघितलं तरच कळेल. मला अट नको. मला अंदाजपत्रकात एक ओळ हवी आहे. शिकताना चुकलेली भिंत उतरवून पुन्हा बांधायचा खर्च. आधीच लिहिलेला, मंजूर केलेला.

उत्साही : असा रकाना कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लेखापरीक्षणवाले त्याला अपव्यय म्हणतील. सरपंच घरी बसेल.

शंकेखोर : मग त्या पोराने वाया घालवलेला माल आजवर कुठल्या रकान्यात गेला?

उत्साही : कुठल्याच नाही. घरमालकाच्या सिमेंटच्या गोणीत जिरला. कुणी बघितलं नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. बाईचंही तसंच होऊ दे ना. गाजावाजा नको, उद्घाटन नको, फोटो नको. एखाद्या बऱ्या गवंड्याला गाठू, त्याच्या हाताखाली त्याचीच बायको किंवा बहीण उभी करू, भिंतीवर पाणी मारायला दुसरी बाई लावू आणि दुपारचा अर्धा तास हिला मोकळा देऊ. दोन वर्षांनी बघू.

शंकेखोर : म्हणजे चोरून शिकायचं. चालेल. कदाचित त्याशिवाय इलाजही नसेल. पण त्या दोन वर्षांत ती अर्धी भिंत लावत असेल, तेव्हा मजुरी कोणत्या दराने? गड्याच्या, मिस्त्रीच्या, की ‘बाया’च्या?

उत्साही : पहिल्याच दिवशी मिस्त्रीचा दर मागितला तर ठेकेदार तिला उभंच करणार नाही.

शंकेखोर : आणि पहिल्या दिवशी मागितला नाही, तर तिसऱ्या वर्षी कोणत्या तोंडाने मागणार? तोवर तिची भिंत बाईच्या दराची भिंत झालेली असेल, आणि साइटवरचे पुरुष गवंडीही म्हणतील की हिने आमचा भाव पाडला.

उत्साही : म्हणतीलच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही म्हटलं असतं. म्हणून तर वाटतं, एकटीला उभं करू नये, चार-पाच जणींना एकदम करावं, आणि दर त्यांनी मिळून सांगावा.

शंकेखोर : चार-पाच जणींना एकदम शिकवणारा मामा कुठून आणणार, हा माझा मघाचाच प्रश्न. आणि चोरून शिकायचं असेल तर एवढ्या जणी लपवणार कुठे?